वचनाआधी सोबत: शोकात असलेल्याला ख्रिस्ती विश्वासातून धीर देताना

बायबलमधल्या ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याच्यावर कोसळलेले संकट ऐकून आले. त्या वेळी त्यांनी एक गोष्ट अगदी योग्य केली. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख फार भारी आहे हे दिसत असल्याने कोणी चकार शब्द काढला नाही (ईयोब २:१३). सगळे बिघडले ते पुढे, चौथ्या अध्यायापासून, त्यांनी तोंडे उघडल्यावर. त्यांची वाक्ये सुटी काढून वाचली तर धार्मिक वाटतात, काही तर खरीही आहेत. तरी शेवटी देव रागावतो तो आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नाही, उपदेश करणाऱ्या या मित्रांवर (४२:७).

सांत्वनाला जाणारे बहुतेक विश्वासी याच ठिकाणी चुकतात. त्यांचे वचन खरे असते, पण वेळ चुकलेली असते. पवित्र शास्त्रात सांत्वनाचा एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो: आधी जवळ असणे, मग देहाची काळजी, मग दुःख देवापुढे मोकळे होऊ देणे आणि त्यानंतर आशा. आपण मात्र थेट आशेपासून सुरुवात करतो, कारण समोरच्याचे रडणे आपल्याला सोसवत नाही. म्हणून ओठावर वचन आले की स्वतःला एक प्रश्न विचारावा: हे म्हटल्याने हलके कोणाला वाटणार आहे, त्यांना की मला? उत्तर ‘मला’ असेल तर गप्प राहावे.

निघण्यापूर्वी

घरचे अगदी जवळचे असाल तर कळताच जा. ओळखीचे किंवा मंडळीतले (एकाच चर्चचे) असाल तर दफनविधीला हजर राहा आणि सविस्तर भेट नंतरच्या आठवड्यात ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत घर माणसांनी भरलेले असते आणि कोण आले, कोण गेले हे पुष्कळदा त्यांच्या लक्षातही राहत नाही. जाण्याआधी एका ओळीचा निरोप धाडा: ‘उद्या संध्याकाळी पाच वाजता थोडा वेळ येऊ का? नको वाटलं तर मोकळेपणाने सांगा.’ दोघांपेक्षा जास्त जण एकत्र जाऊ नका. पाच-सहा जणांचा गट आला की पाहुणचाराचा भार शोकात असलेल्या घरावर पडतो.

गेलेल्या व्यक्तीचे नाव, नाते आणि मृत्यू कसा झाला एवढी माहिती घरच्यांना न विचारता तिसऱ्या कोणाकडून घ्या. शेवटच्या तासांची हकिगत प्रत्येक येणाऱ्याला नव्याने सांगावी लागणे ही शिक्षाच असते. त्यांनी आपणहून सांगायला घेतले तर मात्र पूर्ण ऐका, मग ती तिसऱ्यांदा ऐकत असलात तरी. तीच हकिगत परत परत सांगत माणूस घडलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायला शिकत असतो.

निघताना पाच मिनिटे एकट्याने प्रार्थना करा. ‘मला शब्द दे’ अशी प्रार्थना बहुतेक जण करतात. ‘माझ्या जिभेला लगाम घाल’ ही जास्त कामाची. तुमचे स्वतःचे दुःख ताजे असेल तर दुसऱ्या कोणाला पाठवण्यात कमीपणा नाही. प्रेषित पौल लिहितो की देवाकडून मिळालेल्या सांत्वनाने आपण इतरांचे सांत्वन करावे (२ करिंथ १:४). या वचनाच्या आधाराने लोक स्वतःच्या दुःखाची गोष्ट सुरू करतात आणि वीस मिनिटांनी शोकात असलेली व्यक्तीच त्यांना पाणी देत असते. द्यायचे आहे ते मिळालेले सांत्वन. आपली हकिगत त्यांनी विचारली तरच, आणि दोन वाक्यांत.

पहिली भेट

समोर ताठ न बसता शेजारी किंवा थोडे तिरके बसा, आणि त्यांच्याच उंचीवर. ते जमिनीवर बसले असतील तर तुम्हीही जमिनीवर. फोन आवाज बंद करून खिशात ठेवा. पहिले वाक्य साधे असू द्या: ‘मला फार वाईट वाटतंय. काय बोलावं सुचत नाही, पण तुमच्याजवळ बसायला आलोय.’ गेलेल्याचे नाव घ्या. नाव घेतल्याने दुःख वाढेल अशी भीती असते, पण ते नाव त्यांच्या मनात क्षणभरही थांबलेले नसते. उलट सगळेच ते टाळू लागले की माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखा वाटतो.

मृत्यूला मृत्यू म्हणा. मार्था आणि मरीया यांचा भाऊ लाजर याच्याबद्दल येशू आधी ‘झोपला आहे’ असे म्हणाला. शिष्यांना वाटले, खरोखरची झोप, बरा होईल. तेव्हा त्याने उघड सांगितले की लाजर मेला आहे (योहान ११:११-१४). ‘प्रभूकडे गेले’ हे विश्वासाचे सुंदर बोलणे आहे, पण ते आधी घरच्यांच्या तोंडून येऊ द्या, मग तुम्ही वापरा.

शांततेची धास्ती घेऊ नका. अर्धा मिनिट कोणी बोलले नाही की बोलणाऱ्याला ते युगासारखे वाटते. शोकात असलेल्याला तसे वाटत नाही. कोणी रडू लागले की लगेच रुमाल पुढे करू नका. त्याचा अर्थ ‘पुरे आता’ असा घेतला जातो. रुमाल हाताला येईल असा ठेवून द्या. ‘रडू नका, खंबीर राहा’ हे तर अजिबात नको. थोड्याच वेळात आपण लाजराला कबरेबाहेर बोलावणार आहोत हे ठाऊक असूनही येशू रडला (योहान ११:३५). पुनरुत्थानाची खात्री असणाऱ्याने रडू नये, असा नियम त्याने स्वतःलाही लावला नाही.

‘कसे आहात?’ या प्रश्नाला खरे उत्तर देता येत नाही, म्हणून ‘ठीक आहे’ एवढेच मिळते. ‘आजचा दिवस कसा गेला?’, ‘रात्री झोप लागली का?’, ‘त्यांच्याबद्दल काही सांगावंसं वाटतं का?’ अशा प्रश्नांना उत्तर देता येते, आणि नको वाटले तर टाळताही येते. पहिली भेट २० ते ३० मिनिटांची पुरे. उत्तरे तुटक होऊ लागली, नजर दाराकडे वळू लागली, की उठा. तुम्ही जाऊ नये असे वाटले तर ते सांगतील. निघताना पुढे कधी येणार किंवा फोन करणार ते ठरवून सांगा आणि पाळा. न पाळलेला असा शब्द साध्या विसरण्यापेक्षा जास्त बोचतो.

मार्था आणि मरीया

योहानाच्या अकराव्या अध्यायात दोघी बहिणी येशूला एकच वाक्य म्हणतात: प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता (वचने २१ आणि ३२). शब्द तेच, प्रतिसाद दोन. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीया पायाशी कोसळते तेव्हा तो काहीच शिकवत नाही. लाजराला कोठे ठेवले एवढे विचारतो आणि रडतो.

हा फरक नीट पाहिला तर सांत्वनाची निम्मी विद्या हाती येते. विश्वासाचा विषय मार्थेने स्वतः काढला होता. ‘अजूनही आपण देवाजवळ जे मागाल ते तो देईल’ असे ती म्हणाली (वचन २२). दार तिने उघडले, मग येशू आत गेला. मरीयेने ते उघडले नव्हते. म्हणून समोरचा माणूस कोणत्या भाषेत बोलतो आहे ते आधी ऐका. तो देवाबद्दल, स्वर्गाबद्दल, प्रार्थनेबद्दल बोलू लागला तर त्याच वाटेने चला. नुसता रडत असेल तर तुमचे काम रडणाऱ्याजवळ बसण्याचे. रोमकरांस पत्रातली आज्ञा तेवढीच आहे: शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा (१२:१५).

आणखी एक बारकावा. पुनरुत्थान व जीवन मीच आहे हे ऐकून ‘होय प्रभू’ म्हणणारी हीच मार्था थोड्या वेळाने कबरेपाशी म्हणते, आता त्याला दुर्गंधी येत असेल, चार दिवस झाले (वचन ३९). एकाच माणसात, एकाच तासाभरात, विश्वास आणि धसका दोन्ही असतात. काल स्तुतीगीत गाणारी व्यक्ती आज उपासनेला यायला तयार नसेल, तर तिचा विश्वास ढळला असा निष्कर्ष काढू नका.

वचन निवडताना

आधी विचारा: ‘एक छोटं स्तोत्र वाचू का, की नुसतं बसू?’ नको म्हटले तर पुस्तक मिटलेले राहू द्या. हो म्हटले तर चार ते आठ वचने, सावकाश, आणि वाचून झाल्यावर स्पष्टीकरण नाही. धक्क्यात असलेल्याचे लक्ष टिकत नाही; अध्यायभर वाचलेत तर त्यातले काहीच पोहोचत नाही. ओळखीचे वाचणे बरे, कारण नवे समजून घेण्याची ताकद तेव्हा नसते. ते ज्या भाषांतरात वाढले तेच वापरा.

पहिल्या दिवसांत स्तोत्र २३ आणि ३४:१८ पुरते. तेविसाव्या स्तोत्रात एक गोष्ट वाचणाऱ्याने लक्षात घ्यावी: सुरुवातीला देवाबद्दल ‘तो’ असे म्हणणारा कवी मृत्युच्छायेच्या दरीत पोहोचला की ‘तू माझ्याबरोबर आहेस’ असे थेट बोलू लागतो. ती ओळ वाचताना आवाज जरा सावकाश करा, सांगायचे ते तिथेच आहे.

राग असेल तर रागाला जागा देणारे वाचा. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचे आहे; ‘कोठवर?’ या तक्रारीने सुरू होते, मग मागणे, आणि शेवटच्या दोन वचनांत भरवसा. विश्वासाच्या माणसाला देवाशी भांडता येते हे त्या सहा वचनांत दिसते. स्तोत्र ८८ त्याहून कडू. ते अंधारातच संपते, शेवटी उजेडाची ओळ नाही. तरीही ते शास्त्रात आहे, देवालाच उद्देशून आहे. ज्याला आशेचे काहीही ऐकवत नाही त्याला हेच स्तोत्र कधी कधी पहिल्यांदा वाटायला लावते की ‘माझ्यासारखं कुणीतरी इथे आधी बोलून गेलंय’. मात्र माणूस पूर्ण खचलेला, एकटा असेल तर ते त्याच्या हाती देऊन निघून येऊ नका. बरोबर बसून वाचा.

अपराधी भाव असेल (‘लवकर दवाखान्यात नेलं असतं तर’) तेव्हा स्तोत्र १०३:१३-१४ बरे: देव आपली घडण जाणतो, आपण माती आहोत हे त्याला ठाऊक आहे. ‘तुमची काहीच चूक नाही’ असे घाईने म्हणू नका. ते त्यांना खोटे वाटते, शिवाय पूर्ण हकिगत तुम्हाला माहीतही नसते. आधी म्हणा, ‘हा विचार सारखा येतोय ना? सांगा मला.’ बोलून संपले की मग स्तोत्र.

१ थेस्सलनीका ४:१३-१८ आणि योहान १४:१-३ दफनविधीला वाचतात, ते योग्यच. पण घरी त्यांची खरी वेळ पुष्कळदा काही आठवड्यांनी येते, गर्दी ओसरल्यावर. आणि थेस्सलनीकाचे ते तेरावे वचन लोक ‘शोक करू नका’ असे वापरतात. पौल तसे म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नये, असे म्हणतो. शोक आहेच, आशाही आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पुनरुत्थान पाहिलेल्या पिढीतल्याच भक्तिमान माणसांनी विश्वासापायी मारल्या गेलेल्या स्तेफनाला पुरले आणि त्याच्यासाठी मोठा विलाप केला (८:२).

चुकीच्या जागी लागणारी वचने

रोम ८:२८, सर्व गोष्टी मिळून कल्याणाकरता होतात, हे वचन ताज्या शोकात सर्वांत जास्त घाव घालते. त्या अध्यायात त्याआधी सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्माही अवाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो (८:२२-२६). ते कण्हणे वगळून अठ्ठाविसावे वचन उचलले की ऐकणाऱ्याच्या कानी फक्त एवढेच पडते, ‘तुझं मूल गेलं ते चांगलंच झालं’. हे वचन शोक करणाऱ्याने स्वतः, त्याच्या वेळी म्हणावे. बाहेरच्याने हाती देऊ नये.

‘देव सोसवेल तेवढंच देतो’ हे १ करिंथ १०:१३ वरून आलेले आहे, पण तिथे विषय परीक्षेत पडून पाप करण्याचा आहे, मूर्तिपूजेच्या संदर्भात. दुःखाच्या ओझ्याबद्दल पौल काय म्हणतो ते दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच आहे: आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, जगण्याचीही आशा उरली नव्हती (२ करिंथ १:८). ज्याला सोसवत नाही त्याला हे वाचून दाखवणे केव्हाही चांगले.

विलापगीतातल्या ‘दररोज सकाळी नव्या होणाऱ्या दये’चेही तसेच (३:२२-२३). ती ओळ येण्याआधी साठाहून जास्त वचने आक्रोशाची आहेत आणि पुस्तक संपते तेही एका उघड्या प्रश्नावर. ओळ सांगा, पण वर्तमानकाळातली आज्ञा म्हणून नको.

काही वाक्ये तर कोठल्याच वचनात नाहीत: ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’, ‘देवाला स्वर्गात आणखी एक दूत हवा होता’, ‘अजून तरुण आहेस, दुसरं मूल होईल’. नीतिसूत्रे २५:२० म्हणते की दुःखी मनापुढे गाणी गाणे हे थंडीच्या दिवसात अंगावरचे वस्त्र काढून घेण्यासारखे आहे. आनंदी गाण्यांचा आग्रह धरणाऱ्यांनी हे वचन लक्षात ठेवावे.

प्रार्थना

परवानगी घ्या, आणि ‘कशासाठी प्रार्थना करू?’ असेही विचारा. उत्तर कधी अनपेक्षित असते: उद्या बँकेत जायचे आहे, धाकट्याला ताप आहे. तेच मागा. दीड मिनिटात संपवा. प्रार्थनेच्या नावाखाली त्यांना उपदेश करू नका. ‘प्रभू, हिला समजू दे की…’ हे वाक्य देवाला उद्देशून नसते हे सगळ्यांना कळते. सुचत नसेल तर असे काही:

‘देवबापा, आज हे घर रिकामं झालं आहे. असं का झालं ते आम्हाला कळत नाही आणि आम्हाला फार दुखतंय. तू भग्नहृदयी लोकांच्या सन्निध असतोस असं तुझं वचन आहे, म्हणून तुझ्याजवळ आलो आहोत. आज रात्री यांना झोप दे. जेवणाचा घास उतरू दे. उद्याची कामं करायला बळ दे, आणि जे सुचणार नाही ते तू सांभाळ. येशूच्या नावाने मागतो. आमेन.’

‘का ते कळत नाही’ हे कबूल केलेले, मागणे आजच्या रात्रीपुरते, आणि नसलेल्या आनंदाबद्दल उपकारस्तुती नाही, एवढे सांभाळले की शब्द कोणतेही चालतात. स्वतः प्रार्थना करणे त्यांना जमत नसेल तर म्हणा, ‘सध्या तुमच्या वतीने आम्ही करतो.’ प्रार्थना न होणे हे शोकात नेहमीचे आहे आणि त्याचा अपराध मनात धरून कित्येक जण मंडळीपासून दूर जातात.

‘देवाने असे का केले?’

हा प्रश्न बहुतेक वेळा उत्तरासाठी विचारलेला नसतो. वधस्तंभावर येशूनेही स्तोत्र २२ च्या शब्दांत ‘का’ विचारले, आणि त्या क्षणी वरून उत्तर आल्याची नोंद नाही. ‘मलाही माहीत नाही’ हे उत्तर प्रामाणिक आहे आणि बहुधा पुरेसे. यानंतर ‘पण’ जोडू नका.

एका ठिकाणी मात्र ठामपणे बोलायला हवे: हे पापाची शिक्षा आहे असे कोणी सुचवले असेल तेव्हा. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच तर्क लढवला आणि येशूने तो फेटाळला (योहान ९:३). शिलोहाचा बुरूज पडून मेलेले १८ जण इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, असे विचारून त्याने स्वतःच ‘नाही’ म्हटले (लूक १३:४-५). ‘तुमचा विश्वास कमी पडला म्हणून बरे वाटले नाही’ हा आरोपही असाच. पौलाने आपल्या शरीरातला ‘काटा’, म्हणजे सततचा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो गेला नाही. अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा असे तीनदा मागितले. विश्वासाच्या मापाने निकाल लागत असता तर तिथे लागला असता.

अवघड प्रसंग

आत्महत्येने कोणी गेले असेल तर कारण, पद्धत, चिठ्ठी यांबद्दल काहीही विचारू नका. त्या व्यक्तीच्या अनंतकालाबद्दल निवाडा देऊ नका. एलीया, मोशे आणि योना या तिघा संदेष्ट्यांनीही कधी ना कधी मरण मागितले होते. निराशा भक्तांच्या घरात नवी नाही. रोम ८:३८-३९ इथे वाचता येते. अशा घरी लोक लाजेने जायचे टाळतात, म्हणून तुम्ही नेहमीपेक्षा जास्त वेळा जा.

गर्भपात किंवा जन्मतःच मूल जाणे याला लोक लहान दुःख समजतात. बाळाला नाव दिले असेल तर ते विचारा आणि घ्या. वडिलांनाही विचारा, त्यांना सहसा फक्त ‘तिला सांभाळ’ एवढेच ऐकायला मिळते. यिर्मया ३१:१५ मध्ये राहेल मुलांसाठी रडते आणि सांत्वन पावत नाही, आणि त्यासाठी तिला कोणी दोष देत नाही.

गेलेली व्यक्ती विश्वासात नव्हती, ही टोचणी घरच्यांना मनातून खात असते. इथे खोटे आश्वासन नको आणि निकालही नको. शेवटच्या तासांत एखादा माणूस आणि देव यांच्यात काय झाले ते बाहेरच्याला दिसत नाही. येशूशेजारी वधस्तंभावर असलेला चोर शेवटच्या घडीला त्याच्याकडे वळला, हे लूकने लिहिले नसते तर आपल्याला कळले नसते. अब्राहामाचा प्रश्न (उत्पत्ती १८:२५), सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय, तिथपर्यंत जाऊन थांबावे. घरातले काही जण वेगळ्या धर्माचे असतील किंवा कोणताच धर्म मानत नसतील, तर त्यांच्या शोकाच्या घडीला सुवार्ता सांगण्याची संधी समजू नका. ते अडलेल्याला गाठणे होते.

घरातली मुले

लहान मुलाला सरळ सांगा: ‘आजोबा वारले. त्यांचं शरीर काम करायचं थांबलं. आता ते परत येणार नाहीत.’ ‘झोपले’ म्हटले की मूल रात्री झोपायला घाबरते. ‘देवाला आवडले म्हणून नेले’ म्हटले की ते देवाला घाबरते, आणि ती भीती पुष्कळ वर्षे जात नाही. विश्वासाचे सांगायचे ते तथ्यानंतर: आजोबा येशूजवळ आहेत अशी आमची आशा आहे, आणि आम्हालाही त्यांची आठवण येते. तोच प्रश्न मूल दहादा विचारेल, दर वेळी तेच उत्तर द्या. रडता रडता मध्येच खेळायला पळणे ही मुलांची रीत आहे. त्यावरून रागावू नये. कबरेपाशी यायचे की नाही ते त्यांना आधी काय दिसेल हे सांगून विचारा.

हातांनी करायचे सांत्वन

एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी ठेवले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले (१ राजे १९:५-७). देवाशी बोलणे त्यानंतर. ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य प्रेमाचे असले तरी निरुपयोगी आहे, कारण ज्याला विचार सुचत नाही त्यालाच ते विचार करायला लावते. त्याऐवजी हो-नाही म्हणता येईल असे विचारा: ‘मंगळवारी आणि शुक्रवारी जेवण आणू का?’, ‘मुलांना शाळेत मी सोडतो, चालेल?’, ‘मृत्यूचा दाखला, बँक आणि विम्याच्या कामांना बरोबर येऊ?’ परत न्यावी लागणार नाहीत अशा भांड्यांत जेवण द्या आणि आधी पथ्य विचारा. मंडळीत एकाच व्यक्तीने यादी सांभाळावी. नाहीतर एका दिवशी पाच डबे येतात आणि पुढचे दहा दिवस एकही नाही. वधस्तंभावरून येशूने आपल्या आईला शिष्याच्या हवाली केले (योहान १९:२६-२७), म्हणजे ती कोठे राहील, कोण पाहील याची सोय. विधवेच्या बाबतीत हाच प्रश्न मंडळीने पहिल्या महिन्यातच विचारायला हवा, पैशांसकट.

गर्दी ओसरल्यानंतर

मोशेसाठी इस्राएलाने ३० दिवस शोक केला (अनुवाद ३४:८). तो सामुदायिक शोकाचा काळ होता. घरातला शोक त्याहून फार लांब चालतो. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले पाच टप्पे मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडले होते. शोक त्या क्रमाने येतो असे धरून ‘अजून स्वीकार झाला नाही का?’ असे विचारणे चूक आहे. शोक येतो तो लाटांसारखा, बरा वाटणारा आठवडा मध्येच मोडतो.

म्हणून दिनदर्शिकेत आताच नोंदवून ठेवा: दुसरा महिना, चौथा महिना, गेलेल्याचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला नाताळ, पहिले ईस्टर, वर्ष. त्या दिवशी तीन ओळींचा निरोप पुरे: नाव, एक नेमकी आठवण, आणि ‘उत्तर द्यायची गरज नाही’. आठवण नेमकी असावी. यापो गावात दुर्कस नावाची शिष्या वारली तेव्हा विधवांनी पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखवली (प्रेषितांची कृत्ये ९:३९). ‘फार चांगल्या होत्या’ यापेक्षा ‘त्यांनी मला अमुक शिकवलं’ हे घरचे जपून ठेवतात. परत उपासनेला आल्यावर पहिले काही रविवार शेजारी बसायला कोणीतरी ठरवून ठेवा. नेहमीची जागा रिकामी पाहणे आणि गाणी ऐकणे हे दोन्ही कठीण जाते. मध्येच उठून बाहेर जावे लागले तर जवळ, म्हणजे दाराशी, बसणे सोपे पडते.

ऐकलेले कोठे जाते

प्रार्थनेचा विषय म्हणून मंडळीत सांगताना पुष्कळ गुपिते फुटतात. ‘बहिणीसाठी प्रार्थना करा, तिला फार अपराधी वाटतंय’ एवढ्याने तिचा विश्वास तुमच्यावरून उठतो. काय सांगितले तर चालेल ते तिलाच विचारा. बाकीचे तुमच्याकडे राहू द्या. अपवाद फक्त जिवाला धोका असेल तेव्हाचा, आणि तेही तिला सांगून.

तो धोका ओळखता आला पाहिजे. ‘मीही त्यांच्याकडे जाईन’ हे शोकात सर्रास ऐकू येते. तरी सरळ विचारा: ‘स्वतःचा जीव घ्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल आणि कसे, केव्हा हेही ठरलेले असेल, तर एकटे सोडू नका, जवळच्या माणसाला बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. इतर वेळी खाणे-झोपणे अनेक आठवडे पूर्ण बिघडलेले, दारूचा आधार वाढलेला, किंवा वर्ष उलटूनही रोजचे साधे काम अशक्य आणि ओढ पहिल्या दिवसाइतकीच तीव्र, असे असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ लागतो. दीर्घ शोकविकार हे निदान आता वैद्यकशास्त्रात मान्य आहे. ‘प्रार्थना कमी पडली म्हणून डॉक्टर’ असे वाटू देऊ नका. लूकला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो (कलस्सै ४:१४). पहिल्या भेटीची वेळ तुम्ही ठरवून द्या, बरोबर जा, बाहेर थांबा, आणि उपचार सुरू झाले म्हणून तुमच्या दर आठवड्याच्या भेटी बंद करू नका.